एकच कुडाळ सात वेळा: वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये गावांची नावं कशी भरायची

प्रश्न थोडक्यात असा आलाय. वंशावळीत साडेसहाशे माणसं भरून झालीत, ग्रॅम्प्स वापरताय, अमेरिकेतल्या चुलतभावाकडे रूट्समॅजिक आहे (दोन्ही वंशावळीची सॉफ्टवेअरं), त्याची आणि तुमची फाइल एकत्र केल्यावर ठिकाणांची यादी चारशेच्या वर गेली. त्यात एकटं कुडाळ सात प्रकारे आहे: कुडाळ, कुडाल, मु. पो. कुडाळ, कुडाळ जि. रत्नागिरी, कुडाळ सिंधुदुर्ग, सावंतवाडी संस्थान कुडाळ, आणि एक नुसतं "कुडाळात". चार नोंदींत फक्त "पाली" लिहिलंय. तर जिल्हा आजचा लिहायचा की तेव्हाचा, मराठीत लिहायचं की इंग्रजीत, आणि हा पसारा आवरायचा कसा?

मी गेली सतरा-अठरा वर्षं हेच करतोय, आधी स्वतःच्या घराण्याचं आणि मग ओळखीतल्या चार-पाच घराण्यांच्या कुलवृत्तांतांचं काम, आणि खरं सांगतो, माणसांच्या नावांनी मला जितका त्रास दिला नाही तितका गावांच्या नावांनी दिलाय. माणूस निदान एकदा जन्मतो आणि एकदा मरतो हो, गाव तिथेच बसून राहतं आणि त्याचं सरकार, जिल्हा, तालुका, कधीकधी नावसुद्धा त्याच्या डोक्यावरून बदलत जातं.

तुमच्या कुडाळचंच घेऊ. शेजारच्या पिंगुळीत, समजा, एका घरात चार पिढ्या जन्मल्या, त्याच पडवीच्या मागच्या खोलीत. पणजोबा १९१० साली जन्मले तेव्हा पिंगुळी सावंतवाडी संस्थानात होती. आजोबा १९३५ चे, तेही संस्थानातच. संस्थान १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणून १९५२ ला जन्मलेले काका मुंबई राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, १९६५ ची आत्या महाराष्ट्रातली, पण जिल्हा रत्नागिरीच. मग १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि १९८५ ला जन्मलेले तुम्ही सिंधुदुर्गातले. घर जागचं हललं नाही, नळेसुद्धा तेच, आणि सॉफ्टवेअरच्या दृष्टीने पाच माणसं चार वेगवेगळ्या ठिकाणी जन्मली. तुमच्या यादीतली निम्मी गर्दी चुकीची नाहीये, ती अशीच आलीय. प्रत्येकाने आपापल्या कागदावरचं खरंच उतरवलं.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, बाकी सगळं त्यातून निघतं: ठिकाण म्हणजे जमिनीवरची जागा, आणि नाव, तालुका, जिल्हा, संस्थान, राज्य हे त्या जागेला तारखेसकट चिकटवलेले कागद. एका जागेची नोंद एकच. कागद हवे तितके.

ग्रॅम्प्समध्ये हे करायची सोय आहे, फक्त बहुतेक लोक तिथपर्यंत पोचत नाहीत कारण पहिल्या दिवशी खान्यात अख्खा पत्ता कॉमे देऊन टाकतात आणि मग तीच सवय लागते. तसं करू नका. ठिकाणाच्या खिडकीत नावात फक्त "पिंगुळी" लिहा, प्रकार गाव. मग खालच्या टॅबमध्ये हे ठिकाण कशाच्या आत येतं ते विचारतं, तिथे कुडाळ तालुका जोडा. कुडाळ तालुक्याची वेगळी नोंद, आणि ती नोंद कशाच्या आत हे तीन वेळा सांगायचं: १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थान, १९४८ ते ३० एप्रिल १९८१ रत्नागिरी जिल्हा, १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्हा. रत्नागिरी जिल्हा स्वतः १९६० पर्यंत मुंबई प्रांत किंवा राज्य, नंतर महाराष्ट्र. एवढं एकदा केलं की तालुक्यातल्या प्रत्येक गावाला नुसतं तालुक्याला टांगायचं, आणि घटनेची तारीख बघून ग्रॅम्प्स आपोआप त्या काळची उतरंड दाखवतं. काकांच्या जन्मापुढे रत्नागिरी येतं, तुमच्यापुढे सिंधुदुर्ग, आणि गाव एकच राहतं. ठिकाणाच्या प्रकारात तालुका नसेल तर स्वतः टाइप करून घाला, चालतं. संस्थान, किंवा महाल, पेटा असे जुने महसुली विभाग पण असेच घालता येतात. तारखा घालताना नुसतं साल न देता शक्य तिथे पूर्ण तारीख द्या, नाहीतर १९६० किंवा १९८१ सालीच जन्मलेला कोणीतरी निघतो आणि तो नेमका कुठल्या बाजूला जाईल याचा भरवसा राहत नाही.

हे फक्त कोकणाचं दुखणं नाही. लातूरचं एखादं घराणं घ्या, हैदराबाद संस्थान, १९४८ नंतर भारतातलं हैदराबाद राज्य, १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र, आणि १९८२ पर्यंत जिल्हा उस्मानाबाद, मग लातूर. जुनी माणसं सगळ्याला मिळून "मोगलाई" म्हणायची, आणि कागदात मोगलाई दिसलं की नवीन पोरं मुघल शोधत बसतात. नागपुरात १९५२ ला जन्मलेल्या माणसाचं राज्य मध्य प्रदेश होतं, हे सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात, पण १९५६ पर्यंत नागपूर त्या राज्याची राजधानी होती. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवारकडची घराणी १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात, आणि कर्नाटक हे नाव १९७३ चं. त्या वादात इथे शिरत नाही, वंशावळीला फक्त त्या दिवशी कागद कुठल्या कचेरीत ठेवला गेला एवढंच हवं असतं. गोव्याला १९ डिसेंबर १९६१ च्या आधी पोर्तुगीज राजवट, त्यानंतर केंद्रशासित, ३० मे १९८७ पासून राज्य. आणि जिल्हे फुटण्याचा सपाटा तर चालूच आहे, जालना १९८१, गडचिरोली १९८२, वाशीम आणि नंदुरबार १९९८, हिंगोली आणि गोंदिया १९९९, पालघर २०१४. कुलाब्याचा रायगड १९८१ चा, तिथे फुटणं नाही, नुसतं बारसं. सातारा जिल्ह्याची तर गंमतच, १९४९ ला उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन झाले आणि १९६० ला दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं, त्यामुळे एखाद्या दाखल्यावर "द. सातारा" दिसलं तर ते साताऱ्याला जोडू नका.

आता नावं बदलण्याबद्दल, कारण इथे एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. इंग्रजीत बॉम्बेचं मुंबई १९९५ ला झालं, पण मराठीत मुंबई आधीपासून मुंबईच होती. पूना, थाना, बरोडा हे सगळे इंग्रजी कागदांवरचे प्रकार, आपली आजी "पुण्यास गेले" असंच लिहायची. तेव्हा मुख्य नाव मराठीत ठेवलंत तर ही अर्धी डोकेदुखी जन्मालाच येत नाही, इंग्रजी रूपं पर्यायी नावांत टाका, ग्रॅम्प्स तिथे भाषा आणि तारीख दोन्ही विचारतं. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर यांचं वेगळं, ती मराठीतच बदलली, पहिली दोन २०२३ ला आणि अहिल्यानगर २०२४ ला, तिथे तारखेसकट दोन्ही नावं हवीत. १९७० चा जन्म अहिल्यानगरला लिहून ठेवला तर नातवंडं जुन्या दाखल्याशी ताडून बघताना गोंधळणार, आणि नुसतं "नगर" लिहून ठेवलंत तर पन्नास वर्षांनी कोणाला कळणार कुठलं नगर. गोव्यातल्या घराण्यांना पोर्तुगीज रूपंही ठेवावी लागतात, मडगावचं मारगांव, म्हापशाचं मापुसा, कारण चर्चच्या आणि पोर्तुगीज कचेरीच्या कागदांत तेच शोधावं लागतं.

आजचा जिल्हा की तेव्हाचा, या प्रश्नावर ग्रॅम्प्समध्ये निवड करायची गरजच नाही हे वर आलं. पण तुमच्या भावाच्या रूट्समॅजिकमध्ये ठिकाण म्हणजे शेवटी एक ओळ आहे, आणि तिथे काहीतरी एक ठरवावं लागतं. पाश्चात्त्य वंशावळवाल्यांचा जुना दंडक आहे की घटनेच्या वेळची सत्ता लिहा. तो चूक नाही, कागद कुठे शोधायचे ते त्यातून कळतं. पण आपल्याकडे शंभर वर्षांत चार-पाच सत्ता झाल्या, एका गावाच्या पाच ओळी होतात, यादी फुटते, नकाशावर पाच टाचण्या दिसतात, आणि त्यातल्या "सावंतवाडी संस्थान" लिहिलेल्या ओळीला नकाशा सापडतच नाही. म्हणून एका ओळीच्या सॉफ्टवेअरमध्ये मी सरळ आजचा तालुका आणि जिल्हा लिहितो, आणि तेव्हाचं काय होतं ते ठिकाणाच्या टिपणात एकदाच लिहून ठेवतो, "१९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थान, १९८१ पर्यंत जि. रत्नागिरी". यावर माझ्याशी भांडणारे मित्र आहेत, भांडोत. दोन्ही पद्धती चालतात, दोन्ही एकाच फाइलमध्ये मिसळल्या की मात्र वाट लागते, आणि तुमच्या फाइलमध्ये नेमकं तेच झालंय.

ओळीचा क्रमही पक्का ठेवा. जीईडीकॉम, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायची ती फाइल, त्यात ठिकाण लहानाकडून मोठ्याकडे कॉमे देऊन जातं: गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश. आपण पत्र लिहायचो तसंच आहे, फक्त मु. पो., ता., जि. हे सगळं काढून टाकायचं. मधला एखादा थर माहीत नसेल तर तो कॉमा रिकामा ठेवायचा, गाळायचा नाही. नाहीतर तिसऱ्या जागी कधी जिल्हा येतो कधी राज्य, आणि जिल्ह्याप्रमाणे यादी काढायला गेलात की महाराष्ट्र नावाचा जिल्हा दिसतो. आणि हो, ग्रॅम्प्समधली ती सुंदर उतरंड जीईडीकॉममध्ये काढली की एका ओळीत चपटी होते, पर्यायी नावं वगैरे बरंच काही वाटेतच गळतं. त्यामुळे मूळ फाइल तुमच्याकडची, भावाला दिलेली ही फक्त प्रत, असं दोघांत ठरवून घ्या. दोघंही दोन बाजूंनी दुरुस्त्या करत राहिलात तर सहा महिन्यांनी पुन्हा चारशे.

जुनी जीईडीकॉम फाइल असेल तर अजून एक, ती एएनएसईएल नावाच्या जुन्या अक्षरसंचात काढलेली असू शकते, त्यात देवनागरीला जागाच नाही, सगळी प्रश्नचिन्हं होतात. काढताना यूटीएफ-८ निवडा. २०२१ च्या सातव्या आवृत्तीपासून तर तेच सक्तीचं आहे.

आता जरा बारीक पण वात आणणारी गोष्ट. तुमच्या यादीत दोन नोंदी डोळ्याला अगदी सारख्या दिसतात आणि तरी सॉफ्टवेअर वेगळ्या म्हणतं, असं असेल तर तुम्ही वेडे नाही आहात. मला कऱ्हाडने असं छळलं. यादीत कऱ्हाड दोनदा, मी एक उडवून दुसरीला जोडली, पुढच्या वेळी भावजयीने तिच्या फोनवरून भरलं आणि परत दोन. मग एक एक अक्षर सुटं करून बघितलं तेव्हा कळलं, की तो ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो, एका कीबोर्डवर टिंबवाला ऱ घेऊन त्याला हलंत देऊन, दुसऱ्यावर साधा र, हलंत, आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर तंतोतंत सारखं, पोटात वेगळं. वऱ्हाड असलेल्या कुठल्याही फाइलमध्ये हे बघा. उपाय सोपा आहे, यादीतली बरोबर ठरवलेली नोंद निवडून जोडायची, गावाचं नाव नव्याने टाइप करायचंच नाही. टाइप करणं हेच मूळ पाप आहे. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, कॉम्यानंतर जागा असणं-नसणं, यानेही दोन-दोन नोंदी होतात, त्या एकदा शोध घालून साफ करा.

जुन्या शुद्धलेखनाचंही असंच. १९६२ च्या नियमांआधीच्या कागदांत गांव, नांव, पुणें, ठाणें अशी टिंबं सापडतात. ती खान्यात आणू नका, खान्यात आजचं लेखन, आणि कागदात जसं आहे तसं, टिंबासकट, त्या कागदाच्या उताऱ्यात म्हणजे सायटेशनमध्ये. "कुडाळात" आणि "पुण्यास" ही विभक्तीसुद्धा उताऱ्यात, खान्यात नाही. हा एक नियम मी कोणाचंही काम हातात घेतलं की आधी लावतो: कागद काय म्हणतो ते उताऱ्यात, आपण काय समजलो ते खान्यात. मर्ज करताना, म्हणजे दोन नोंदींची एक करताना, मग जीव कासावीस होत नाही, कारण मूळ शब्द कुठेतरी जपलेला असतो.

सारख्या नावांची गावं हा तर वेगळाच अध्याय, आणि यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. आमच्या नात्यातल्या एका शाखेचं गाव नेरूर, कुडाळ तालुक्यातलं. मी तेव्हा सगळं इंग्रजी अक्षरांत भरत होतो आणि कोणीतरी पाठवलेल्या यादीत शेवटचा र जाऊन ल आला होता. नकाशाने बिनदिक्कत ते गोव्यातलं बार्देशातलं नेरूल म्हणून लावलं, आणि मी न बघता तो नकाशा कुलवृत्तांताच्या आतल्या पानावर छापायला दिला. पुस्तकं वाटून झाल्यावर ऐंशीच्या घरातल्या एका काकांचा फोन, "रे मेल्या, आपलो पणजो गोंयात कधी जल्मलो?" काय उत्तर देणार. वरून नवी मुंबईचं नेरूळ आहेच, कर्जतजवळचं नेरळ आहे, इंग्रजीत एका अक्षराचा फरक. आणि खुद्द कुडाळ तालुक्यात महसुली यादी बघाल तर नेरूर दोन आहेत, नेरूर तर्फ हवेली आणि नेरूर कर्याद नारूर. ते तर्फ आणि कर्याद लोक फालतू समजून गाळतात. गाळू नका, जुन्या महसूल विभागांची ती शेपूट आहे आणि दोन गावं वेगळी सांगायला तेवढाच पुरावा हातात असतो. बुद्रुक आणि खुर्दचंही तेच, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही दोन गावं आहेत, "बु." आणि "खु." लिहायचं की पूर्ण ते एकदा ठरवा, पण लिहा. कुडाळसुद्धा एकच नाही बरं का, साताऱ्यात जावळी तालुक्यात एक कुडाळ आहे, तुमच्या यादीतल्या सातांपैकी एखादं तिकडचं नाही ना, ते सासरच्या आडनावांवरून बघा.

तोंडी सांगितलेल्या गावांत तर सांगणारा कुठला हेच आधी लिहून ठेवावं लागतं. "वाडीला जन्म झाला" असं कोकणातली आजी म्हणाली तर सावंतवाडी, कोल्हापूरकडची म्हणाली तर नरसोबाची वाडी. मुंबईच्या चाळीत वाढलेला माणूस "आम्ही रत्नागिरीचे" म्हणतो तेव्हा तो जिल्हा सांगतोय, शहर नव्हे, त्याचं गाव खेड तालुक्यात असू शकतं, १९८१ च्या आधीचं बोलणं असेल तर थेट मालवणातसुद्धा. त्यामुळे रत्नागिरी जिल्हा, रत्नागिरी तालुका आणि रत्नागिरी शहर अशा तीन नोंदी करा, आणि नक्की माहिती नसलेला माणूस जिल्ह्याला जोडा. नकाशावर त्याची टाचणी जिल्ह्याच्या मध्यात येईल, येऊ दे. शहराला जोडलात तर खोटी माहिती खरी दिसायला लागते, आणि पुढचा माणूस रत्नागिरीच्या नगरपालिकेत जन्मनोंद शोधत हेलपाटे घालतो.

आडनावावरून जन्मगाव भरायचा मोह सगळ्यांनाच होतो, तो आवरा. नेरूरकर आहेत म्हणून नेरूरला जन्मले असं नसतं, आडनाव फार तर कधीतरी मूळगाव काय होतं ते सुचवतं. मूळगाव ही वेगळी घटना करा, स्वतःचा प्रकार बनवून, म्हणजे जन्माच्या खान्यावर त्याचा बोजा पडत नाही.

आणि इथे एक गोष्ट जी आपल्या वंशावळींत सर्रास चुकलेली असते. पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगा पिंगुळीच्या घराण्यातला, पण जन्मला आजोळी, आईच्या गावी. जुने कुलवृत्तांत करणाऱ्यांनी सगळ्यांचं जन्मस्थळ घराण्याचं गाव लिहून टाकलं आणि त्या बायकांची माहेरं कायमची पुसली गेली. मी एका घराण्यात थोरल्या मुलांची जन्मगावं परत विचारून भरली तेव्हा सात सुनांची माहेरची गावं सापडली, ज्यांची आडनावंसुद्धा कोणाला आठवत नव्हती. लग्नपत्रिकेवर छापलेलं विवाहस्थळही बघा, जुन्या काळी लग्न बहुधा मुलीकडे लागायचं. तर तुमच्या साडेसहाशेत सगळे जन्म कुडाळ-पिंगुळीतच दिसत असतील तर ते कोणीतरी अंदाजाने भरलंय असं खुशाल समजा.

हॉस्पिटल, चाळ, वाडा, देऊळ ही ठिकाणं कुठे लिहायची हेही लोक विचारतात. ग्रॅम्प्समध्ये इमारत हा प्रकार आहे, चाळ गिरगावच्या आत, गिरगाव मुंबईच्या आत, असं टांगता येतं. पण माझा अनुभव असा की एकाच चाळीत दहा-वीस घटना असतील तरच वेगळी नोंद करा, एरवी घटनेच्या वर्णनात खोली नंबरसकट लिहून मोकळे व्हा. रूट्समॅजिकमध्ये ठिकाणाखाली तपशिलाचा दुसरा खाना असतो, हॉस्पिटल तिथे. मुंबईबद्दल एवढंच, बोरिवली, मुलुंड हे सगळं १९५७ ला मुंबई महापालिकेत आलं, त्याआधीच्या जन्माची नोंद महापालिकेत मिळाली नाही तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

धरणात गेलेली गावं असतील तर मात्र दोन नोंदी करा. कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं गाव आणि त्याच नावाने दुसऱ्या जिल्ह्यात वसवलेलं पुनर्वसित गाव ही दोन जागा आहेत, नाव एक असलं तरी. जुन्या गावाचे अक्षांश-रेखांश जुन्या सर्व्हे नकाशावरून काढून पाण्यातच टाचणी मारा. उजनीच्या बाजूला उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तशा गावाची जागा तुम्हाला सांगणारी माणसं अजून आहेत. एरवी गावासाठी अक्षांश-रेखांश दशांशाच्या पुढे तीन आकडी पुरतात, म्हणजे शंभरएक मीटरची चूक, गावठाणाला तेवढी चालते.

जागा पक्की करायला मी अजून एक करतो, २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी कोड दिलाय, तो ग्रॅम्प्समधल्या ठिकाणाच्या कोडच्या खान्यात टाकतो. नाव बदलो, तालुका बदलो, तो आकडा त्याच गावाचा राहतो, आणि दोन नेरूर समोरासमोर आले की कोडवरून लगेच सुटतात. फक्त कोड महसुली गावाला असतो, वाडीला नाही, कोकणात तर एका गावात बारा वाड्या, त्या गावाखाली हाताने जोडायच्या.

आवरायचं कसं, तर आधी बॅकअप, आणि तो दुसऱ्या पेनड्राइव्हवर, त्याच फोल्डरमध्ये नव्हे. मग वरून खाली या. देश, राज्यं, जिल्हे, तालुके यांच्या नोंदी तारखांसकट आधी बनवा, एका संध्याकाळचं काम आहे, आणि यादी चारशेची असली तरी त्यात तालुके पंधराच्या वर नसतात. त्यानंतर गावं, एका बैठकीला एकच तालुका. दोन नोंदी निवडून मर्ज करा, डिलीट कधीही करू नका, डिलीटने त्या ठिकाणाला जोडलेल्या घटना बेवारस होतात, मर्जने त्या राहिलेल्या नोंदीकडे येतात. भाषेचं म्हणाल तर मुख्य नाव देवनागरीत, इंग्रजी पर्यायी, आणि भावासाठी फाइल काढताना त्याला किंवा त्याच्या मुलांना देवनागरी वाचता येत नसेल तर इंग्रजीतली प्रत. खान्यात दोन्ही लिप्या शेजारी शेजारी मात्र नकोत, शोधताना दोन्हींनी पंचाईत होते.

तुमचं कुडाळ एका रविवारात सातावरून एकावर येईल. फक्त त्या चार "पाली" एकत्र करू नका. बल्लाळेश्वराची पाली सुधागडात, महामार्गावरची पाली रत्नागिरी तालुक्यात, आणि कऱ्हाडकडच्या खंडोबाच्या पालला बोलताना लोक पालीला गेलो म्हणतात, म्हणजे चार नोंदींत तीन गावं असायला काहीच हरकत नाही. चौघांची कुलदैवतं आणि सोयरीक कुठली ते बघा, आणि घरात ऐंशीच्या पुढची आत्या किंवा मावशी असेल तर आधी तिला फोन लावा, दुपारी दोन ते चार सोडून.